मोकळं टोक

भुसावळच्या यार्डातून मालगाडी निघते
ती सगळी एकदम निघत नाही.
आधी इंजिन. मग पहिली वाघीण, मग दुसरी,
कपलिंगमधली ढील एकेक ओढली जाते
खण्, खण्, खण् –
आणि अठ्ठावन्न वाघिणींच्या मागे
गार्डाच्या डब्यात सुपडू भिरूड, माझे वडील,
डाव्या हातात चहाचा पेला धरून
आवाज मोजत उभे.

इंजिनानं कधीच सिग्नल ओलांडलाय.
त्यांच्या पायाखाली अजून
जुनीच बातमी.

मी जळगावच्या कॉलेजात फळ्यावर लिहिते:
यू टी टी बरोबर सी वर्ग, यू एक्स एक्स.
शेवटच्या बाकावरून शहाद्याचा दिलवर पावरा विचारतो,
मॅडम, हा सी कशाला?
म्हटलं, सीपेक्षा लवकर
कुणालाच काही कळत नाही, म्हणून.
मग एका बिंदूतून मागे, काळात खाली
दोन तिरप्या रेघा ओढल्या.
मधे जे सूप तयार झालं, त्यात पडलेलंच तुझ्यापर्यंत येईल.
सुपाबाहेर जग जळालं तरी
तुझ्या या क्षणाला त्याचा पत्ता नाही.

(आधीची तीन पोरं दगावली
म्हणून अण्णांना जन्मल्याबरोबर सुपात घालून
अंगणभर ओढलं होतं. नाव तेच पडलं.
हे मी वर्गात सांगितलं नाही.)

उष्णतेचं समीकरण वेगळं.
मे महिन्यात आमच्या पत्र्याला विचारा.
तिथे वेगाला मर्यादाच नाही,
एका कोपऱ्यातली झळ त्याच क्षणी सगळीकडे, थोडी थोडी,
आणि टोकदार असेल ते सगळं गुळगुळीत.
संध्याकाळी भिंतीला हात लावून
सकाळी काय झालं ते सांगता येत नाही.
लाट मात्र विसरत नाही.
कोपरा असेल तर कोपराच घेऊन जाते,
पार पलीकडच्या खुंटीपर्यंत.

खुंटीवरून आठवलं.
रेल्वे क्वार्टरमागे कडुनिंबाला बांधलेली वाळवणाची दोरी,
मी नऊ वर्षांची, झटका द्यायची.
उंचवटा पळत जायचा, झाडाला आपटायचा
आणि खड्डा होऊन परत यायचा.
बांधलेलं टोक असंच करतं, दिलेलं उलटं करून देतं.
पुण्याला शिकायला जाते, म्हटलं होतं मी,
तेव्हा अण्णा ते झाड होते.

त्याच दोरीच्या दुसऱ्या बाजूनं कधी आई झटका द्यायची.
माझा उंचवटा, तिचा खड्डा,
मधोमध भेटले की दोरी सपाट.
क्षणभर वाटावं, संपलं.
पण हात लावला तर कळायचं, ती सपाट दोरी
अख्खी धावत असते,
आणि पुढच्या क्षणी दोघी
एकमेकींतून आरपार, जशाच्या तशा.
माझ्या लग्नाच्या साली आमच्या घरात
सात महिने अशी शांतता होती.

आता मालगाडीला गार्डाचा डबा नसतो,
शेवटच्या वाघिणीला एक पेटी लावतात.
अण्णा ओट्यावर बसतात, ऐकायला कमी येतं.
परवा मी त्यांना कागदावर दाखवलं:
बांधलेल्या टोकाला लाट उलटते, खरं,
पण मोकळं टोक असेल तर
तिथे धक्का दुप्पट होतो, अण्णा. सिद्ध करता येतं.

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.
"हे आता निंघालं का पुस्तकात?
माह्या कमरेले इचारलं असतं
तं तवाच सांगलं असतं तिनं."

रुळांकडे खडखड सुरू झाली. दूरवर
कुठलीशी गाडी ताणली जात होती, वाघिणीमागे वाघीण.
त्यांना ऐकू आलं नसणार.
तरी त्यांचा डावा हात
पेल्याभोवती घट्ट झाला,
मी पाहिलं,
धक्का यायच्या जरासा आधी.